कडक भाकरी आणि हलणारा दात (वय ४ वर्षं ८ महिने)

माळवदावरची | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात राहतो, सासरचं मूळ घर साखर पेठेत. काल रविवार म्हणून सगळे तिकडे जेवायला होतो. शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी. लेकीने एक तुकडा कडाकडा चावला आणि मध्येच थांबून म्हणाली, "आई, माझा दात नाचायलाय." बघितलं तर खालच्या ओळीतला पुढचा डावा दात खरंच हलतोय. बोट लावलं की पुढेमागे होतो. दुखत नाही, रक्त नाही.

ती आहे ४ वर्षं ८ महिन्यांची! माझा पहिला दात पहिलीत पडला होता, दिवाळीच्या सुट्टीत, चांगला आठवतो. शेजारच्या मुलाला सात पूर्ण होतील, त्याचा अजून एकही पडलेला नाही. सासूबाई म्हणाल्या कॅल्शियम कमी पडलं. चुलत सासूबाई म्हणाल्या कडक भाकरी लेकराला द्यायचीच कशाला, कुस्करून द्यायची. जाऊबाईंनी तर फोनवर शोधून रक्ताच्या आजारापर्यंत मजल मारली. रात्रभर झोप नाही.

इतक्या लवकर दात हलणं नॉर्मल असतं का? दाखवायचं तर मुलांच्या डॉक्टरांना की दातांच्या?

---

होटगीकर | सोमवार, रात्री १०.३१

ताई, आधी पाणी प्या. आमची आजी अक्कलकोटची, घरात निम्मं कानडी. कानडीत दाताला 'हल्लु' म्हणतात. ती म्हणायची, नावातच हलणं आहे, हलणार नाही तर काय करणार! हलायलाय तर हलू द्या की.

कडक भाकरीला मात्र दोष देऊ नका बे, सोलापुरात राहायचं अवघड होईल.

---

सुगरणबाई | सोमवार, रात्री ११.०५

माझ्या थोरलीचा पाचव्या वाढदिवसाच्या आधी पंधरा दिवस पडला होता. केक कापतानाचे सगळे फोटो खिडकीवाले. आता ती अकरावीत आहे, दात मोत्यासारखे. धाकट्याचा मात्र सात वर्षांनी पडला. एकाच घरातली, एकाच ताटातली मुलं. त्यामुळे कॅल्शियमचं वगैरे मनावर घेऊ नका.

---

पार्कचौक | मंगळवार, सकाळी ७.४८

एक विचारू का? अलीकडे कुठे पडली, आपटली होती का? आमच्याकडे वेगळंच झालं होतं म्हणून विचारतोय.

मुलगा तेव्हा ३ वर्षांचा. वाड्याच्या दगडी पायरीवर तोंडावर आपटला. ओठ फुटला, तो दिसला. दात हलतोय हे दुसऱ्या दिवशी ब्रश करताना कळलं. वरचा पुढचा. पहिल्या दवाखान्यात बघितल्या बघितल्या "काढून टाकू, दुधाचाच तर आहे" म्हणाले. पोराने इतका आकांत केला की आम्ही तसेच परत आलो, आणि बरंच झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी फोटो काढला, दात जागेवरच आहे म्हणाले. दोन आठवडे मऊ खाणं, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, मऊ ब्रशने स्वच्छता चालू ठेवायची. दात परत घट्ट झाला! पुढे रंग राखाडी पडला, पण दुखलं-सुजलं नाही म्हणून तसाच ठेवला. यथावकाश सातव्या वर्षी आपला आपण पडला.

सांगायचं म्हणजे मार लागून हललेला दात आणि वय झालं म्हणून हललेला दात, दोन्हींचं गणित वेगळं.

---

माळवदावरची | मंगळवार, सकाळी ९.२०

पडल्याचं तर काही आठवत नाही. बालवाडीत विचारलं, तिथेही काही नाही. पण ही दिवसभर चुलत भावाशी टकरा खेळत असते, त्यामुळे छातीठोकपणे नाही म्हणवत नाही.

होटगीकर, हल्लु-हलू सासूबाईंना वाचून दाखवलं. दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

---

दातकोरणं | मंगळवार, दुपारी २.३७

मी दातांची डॉक्टर, त्यातही लहान मुलांच्या दातांचीच. मूळची सोलापूरची, हल्ली लातूरला असते. नजरेने न बघता निदान सांगता येत नाही, ते सांगणारही नाही. पण विचार कुठल्या अंगाने करायचा ते लिहिते. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, लांबलं तर माफ करा.

दुधाचे दात एकूण २०. दात का हलतो, तर खालून कायमचा दात वर सरकायला लागला की त्याच्या वाटेत येणारं दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं. मूळ संपलं की वर नुसती टोपी उरते, ती हिरडीच्या आधाराने लटकते. म्हणून पडलेला दुधाचा दात हातात घेतला की खालून पोकळ दिसतो आणि लोकांना वाटतं याला मूळ नव्हतंच. मूळ होतं, ते जिरून गेलं.

हे साधारण सहाव्या वर्षी सुरू होतं आणि बहुधा खालच्या मधल्या दोन दातांपासूनच. मुलींचं मुलांपेक्षा थोडं आधी. ज्यांना पहिला दात लवकर येतो त्यांचा पडतोही लवकर. तेव्हा ताई, पहिला प्रश्न: तिला पहिला दात कितव्या महिन्यात आला होता? आणि तुम्हा दोघांपैकी कोणाचे लवकर पडले होते का? तुमचं सांगितलंत, तिच्या बाबांचं?

आता वयाचं. पाच पूर्ण झाल्यावर खालचा मधला दात हलला तर मी सहसा निर्धास्त असते. चार ते पाचच्या मध्ये हलला तर एकदा दाखवून घ्या म्हणते, घाबरून नव्हे, खात्रीसाठी. चारच्या आधी मार न लागता दात हलायला लागला तर मात्र कारण शोधलंच पाहिजे.

आणि कुठला दात हलतोय हे वयाइतकंच महत्त्वाचं. खालचा मधला हलणं आणि पाच वर्षांच्या मुलाची दाढ हलणं यात जमीन-अस्मानाचा फरक. दुधाच्या दाढा ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान पडतात. पाचव्या वर्षी दाढ हलत असेल तर बहुतेकदा कीड मुळापर्यंत जाऊन खाली पू झालेला असतो. हिरडीवर पुटकुळीसारखा फोड दिसतो, लोक त्याला उष्णता म्हणतात आणि सब्जा पाजतात.

जाऊबाईंनी जे वाचलं ते पूर्ण खोटं नाही, पण त्याचं चित्र वेगळं असतं. एकाच वेळी बरेच दात हलणं, हिरड्या लालभडक, सुजलेल्या, सारखं रक्त, वारंवार ताप किंवा तोंड येणं, वजन न वाढणं. असं काही असेल तर दातांच्या डॉक्टरांइतकीच मुलांच्या डॉक्टरांची गरज असते.

एक दुर्मीळ गोष्ट, कारण ती हुकते म्हणून. दात लवकर पडला आणि खाली लांबलचक अख्खं मूळ असेल, म्हणजे मूळ न जिरताच दात निसटला असेल, तर तो दात टाकू नका, डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. हायपोफॉस्फेटेशिया नावाचा एक आनुवंशिक विकार असतो, त्यात दाताला हाडात धरून ठेवणारा थरच नीट बनत नाही. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज कमी येतं. गंमत अशी की लहान मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त असायला हवं, त्यामुळे रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असली तर कमी आकडाही 'नॉर्मल' वाटून निसटतो. हा विकार हाडांचाही असतो म्हणून दाताच्या निमित्ताने लवकर कळलेला बरा.

तुमच्या लेकीला हे असेल असं मी अजिबात म्हणत नाहीये. पुन्हा वाचा: अजिबात नाही.

---

विणकर | मंगळवार, सायंकाळी ६.१५

डॉक्टरबाई, दाढेचं लिहिलंत म्हणून आमची चूक सांगतो, दुसऱ्याने करू नये.

आमच्या घरी तेलुगू, पूर्वापार मागाचं काम. मी आणि बायको दोघेही लूमवर, पोरगं आजीकडे. पोरगं सात वर्षांचं असताना मागची दाढ काळी पडली. दुखायची अधूनमधून. आम्ही म्हटलं दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल. वर्षभर लवंगेवर काढलं. शेवटी तोंड सुजल्यावर नेलं तेव्हा कळलं, ती दुधाची नव्हतीच. कायमची दाढ! एकही दात न पाडता सगळ्यांच्या मागे गुपचूप आलेली. ती काढावी लागली. आता पोरगं वीस वर्षांचं आहे, तिथे खड्डाच आहे.

आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की काही न पडताही कायमची दाढ येते.

---

दातकोरणं | मंगळवार, रात्री ९.५०

विणकर दादा, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. माझ्या खुर्चीत दर आठवड्याला एक तरी अशी दाढ येते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर-खाली, डावी-उजवी अशा चार कायमच्या दाढा येतात. पुढचा दात हलायला लागतो साधारण त्याच सुमाराला. घरातल्या सगळ्यांचं लक्ष हलणाऱ्या दाताकडे, आणि मागे आयुष्यभराचा माल येऊन पडलेला असतो तो कोणी बघत नाही.

---

निमूट | मंगळवार, रात्री १०.०२

आमच्या लहानपणी दोरा बांधायचा, दुसरं टोक दाराच्या कडीला, दार धाडकन ओढायचं. विषय संपला. आता दात हलला तरी फोटो, रिपोर्ट, तज्ज्ञ. पैसे काढायचे धंदे आहेत.

---

सुगरणबाई | मंगळवार, रात्री १०.१९

निमूट, नाव बदलून घ्या आधी.

माझ्या भावाचा दात असाच दाराला बांधून काढला होता. अर्धा तुटला, अर्धा आत. बारा दिवस घर डोक्यावर घेतलं होतं त्याने.

---

दातकोरणं | मंगळवार, रात्री १०.४४

दोरा नकोच. ज्याचं मूळ जिरलंय त्या दाताला दोऱ्याची गरज नसते, आणि ज्याचं जिरलेलं नाही तो ओढला तर हिरडी फाटते किंवा दात तुटतो. मुलाला स्वतःच्या जिभेने हवा तेवढा हलवू द्या, ते त्यांचं आवडतं काम असतं. पडल्यावर रक्त आलं तर स्वच्छ ओला कापूस किंवा कापडाची घडी दहा मिनिटं दाताखाली घट्ट धरायला सांगायची. मधून मधून उघडून बघायचं नाही, सगळे तेच करतात.

पैशांचं म्हणाल तर सिव्हिलला दंतविभाग आहे. केसपेपर काढा आणि रांगेत बसा.

---

आजोबा_नवीपेठ | बुधवार, पहाटे ५.३०

आमच्या काळी मुलाला वरचा दात आधी आला तर मामाला जड म्हणत. लवकर पडला तर कोणाला जड, ते काही आठवत नाही. आमच्या सौ. जिवंत असत्या तर त्यांनी सांगितलं असतं, त्यांच्याकडे असल्या सगळ्या नोंदी होत्या.

पडलेला दात माळवदावर फेकायचा आणि ओरडायचं, "उंदरा उंदरा, माझा दात तुला, तुझा दात मला." शेजारच्या माळवदावर गेला तर भांडण. आता स्लॅबची घरं, दात कुठे फेकतात मुलं?

जाता जाता: आमच्याकडे दात येताना बाळाच्या हिरड्यांना मशेरी चोळायच्या बायका. झोपायचंही बाळ छान.

---

दातकोरणं | बुधवार, सकाळी ८.०५

आजोबा, तुमच्या पोस्टी मी चुकवत नाही, पण मशेरीवर गप्प बसता येत नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. बाळ 'छान' झोपायचं ते निकोटीनमुळे. कृपा करून कोणीही, कितीही थोडी, लावू नका. दात येतानाही नाही, हलतानाही नाही. लाल दंतमंजनही नको, ते खरखरीत असतं, दात घासले जातात, झिजतात. मुलांनाही फ्लोराइडचीच टूथपेस्ट, ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरवतात तशी नव्हे.

---

आजोबा_नवीपेठ | बुधवार, सकाळी ८.४०

कबूल. तीन सुनांना मी स्वतः सांगेन. दोन ऐकतील.

---

अंजीर | बुधवार, दुपारी १२.१०

मला वेगळाच प्रश्न आहे. मुलगा ६ वर्षांचा. त्याचा दुधाचा दात जेमतेम हलतोय आणि त्याच्या मागे, जिभेच्या बाजूला, नवा दात उगवलाय. दोन ओळी दिसतात. शाळेत मुलं चिडवतात.

---

दातकोरणं | बुधवार, दुपारी २.१५

खूप कॉमन आहे. पुढचा हलत असेल तर हलवत राहू द्या, गाजर-काकडी-कडक भाकरी द्या. तो पडला की जीभच मागच्याला पुढे ढकलते. दोनेक महिन्यांत ढिम्म हलला नाही तर दाखवा, मग काढावा लागतो.

---

होटगीकर | बुधवार, दुपारी २.२०

डॉक्टरांनी औषध म्हणून कडक भाकरी लिहून दिली आहे. याची नोंद घ्यावी.

---

माळवदावरची | शनिवार, रात्री ९.३५

मंडळी, जाऊन आले. सविस्तर लिहिते.

आधी दातकोरणं यांच्या प्रश्नांची उत्तरं. बाळाची जुनी वही काढली, पहिला दात चौथ्या महिन्यात. मी विसरूनच गेले होते. आणि यांना विचारलं तर म्हणाले, मला काय आठवणार. सासूबाईंनी मात्र ट्रंकेतून बालवर्गातला ग्रुप फोटो शोधून काढला. मधल्या ओळीत हे, खालचे दोन दात गायब! पाच वर्षांचे सुद्धा नव्हते. ज्या सासूबाई कॅल्शियम कॅल्शियम करत होत्या त्यांच्याच लेकाचा वारसा निघाला. मी काही बोलले नाही. फोटो तेवढा फ्रिजवर लावलाय.

मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. छोटासा एक्स-रे काढला, तो मलाही दाखवला. हलणाऱ्या दाताचं मूळ जवळजवळ संपलेलं आणि त्याच्या बरोबर खाली नवा दात, कोंब वर यावा तसा. शेजारच्याचंही तसंच, तोही महिन्याभरात हलेल म्हणाल्या. हिरड्या छान. रक्त तपासायची काही गरज नाही. पाचच मिनिटांत आठवड्याभराचं ओझं उतरलं.

मी पर्स उचलून उठले तर त्या म्हणाल्या, "थांबा, आता मागचं बघू."

आणि मागे निघालं. खाली उजव्या बाजूच्या दोन दाढांच्या मधोमध कीड. बाहेरून काहीही दिसत नव्हतं, नुसती पांढरट-करडी सावली. एक्स-रेमध्ये मात्र एका दाढेत चांगलंच आत गेलंय, नसेच्या जवळ. लेकीने कधी दुखतं म्हटलं नाही. आता आठवतंय, गेले दोन-तीन महिने ती एकाच बाजूने चावतेय. मला वाटायचं सवय आहे.

मी तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात, पडणारच आहे ना ती दाढ? तर म्हणाल्या, ही पडायला अजून सहा वर्षं आहेत. तोवर ती जेवायला लागेल आणि खालच्या दाताची जागाही राखेल. आत्ता काढली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि मग नव्या दाताला जागा उरत नाही, तो वाकडा येतो किंवा आतच अडकतो. काढावीच लागली तर जागा धरून ठेवायला तारेची पट्टी बसवावी लागते. पण आमची वाचेल म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी नसेचं थोडं काम करून वर स्टीलची टोपी.

कारण विचारलं. रात्री झोपताना साखर घातलेलं दूध, त्यानंतर ब्रश नाही. तीन वर्षांची होईपर्यंत बाटली. शिवाय संध्याकाळचं चहा-बिस्किट, ते दाढांच्या फटीत लगदा होऊन बसतं. कडक भाकरीचं नाव सुद्धा घेतलं नाही त्यांनी.

आठवडाभर ज्या दाताने झोप उडवली तो निर्दोष, आणि गुन्हेगार मागे शांत बसलेला. स्वतःचा राग आलाय खूप.

---

सुगरणबाई | शनिवार, रात्री ९.५२

राग कसला. साखरेचं दूध आम्ही सगळ्यांनीच दिलंय. टोपीला 'चांदीचा दात' म्हणा, मिरवेल ती.

---

विणकर | शनिवार, रात्री १०.१०

वेळेत कळलं ताई. आमच्यासारखं झालं नाही.

---

दातकोरणं | रविवार, सकाळी ११.२५

तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा, काम नीट चाललंय. एका बाजूने चावणं ही खूण आया सांगतात तेव्हाही डॉक्टर कधीकधी ऐकत नाहीत, तुम्हाला ती आठवली हेच पुष्कळ. टोपी बसल्यावर दोन दिवस "उंच लागतंय" म्हणेल, मग विसरेल. आणि दूध झोपायच्या अर्धा-एक तास आधी, बिनसाखरेचं, ब्रश सगळ्यात शेवटी. ब्रश तुम्ही करायचा, तिने नाही. स्वतःच्या चपलेची बंद-बक्कल नीट लावता येईपर्यंत मुलांचा हात तेवढा बसत नाही, सात-आठ वर्षं धरून चाला.

---

माळवदावरची | पुढचा रविवार, रात्री ८.४५

ताजी खबर. गुरुवारी टोपी बसली, रडली थोडी, आता दिवसातून दहा वेळा आरशात बघते.

आणि आज दात पडला! साखर पेठेत, तीच कडक भाकरी, तीच शेंगाचटणी. पण आम्हाला कळलंच नाही. पाणी प्यायला तोंड उघडलं तर खिडकी. ताटात शोधला, सतरंजी झटकली, चटणीची वाटी उपसली. गिळला तिने! घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या खोकला, घरघर, श्वासाला त्रास असं काही नसेल तर काळजी नको, पोटातून आपला आपण निघून जाईल.

माझी काळजी मिटली, तिची सुरू झाली. उंदराला काय देणार? भोकाड पसरलं. शेवटी सासूबाई उठल्या, कणगीतून मालदांडीचा एक टपोरा दाणा आणला. पांढराशुभ्र, अगदी त्या दाताएवढा. तिला कडेवर घेऊन माळवदावर चढल्या (गुडघे दुखतात म्हणून जिना चढायला एरवी नकार असतो). दोघींनी मिळून फेकला. खाली आल्यावर लेक म्हणाली, "आजी, उंदराला कळलं तर?" सासूबाई म्हणाल्या, "कळू दे की. त्याला दातापेक्षा ज्वारीच आवडते."

---

आजोबा_नवीपेठ | पुढचा रविवार, रात्री ९.०३

वा. माळवद अजून शाबूत आहे हे वाचून बरं वाटलं.

---

होटगीकर | पुढचा रविवार, रात्री ९.१०

आणि शेजारचा हल्लु?

---

माळवदावरची | पुढचा रविवार, रात्री ९.१४

हलायलाय.